'आठवत नाही' म्हणण्याआधी

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

काल रात्री तुझा मेसेज तीनदा वाचला. एमबीवरची, म्हणजे कामाच्या मोजमाप वहीवरची, तारीख मागाहून कोणी घालायला लावली असं चौकशीत विचारलं, तर "आठवत नाही" म्हण आणि मोकळा हो, असं तुझ्या साहेबांनी सांगितलंय. खाली तू विचारलंयस, "काका, हे खोटं तर होत नाही ना?"

अरे, हा प्रश्न पडला म्हणजे उत्तर तुला आधीच ठाऊक आहे. तू पैसे खाणार नाहीस, कुणाला गोवणार नाहीस, ते मला सांगायला नको. मला धास्ती आहे ती या दोन शब्दांची. आठवत नसेल तरच 'आठवत नाही' म्हणायचं. मी बत्तीस वर्षं सरकारी नोकरी केली आणि त्यातलं तुला देण्यासारखं एवढंच आहे.

मागे फोनवर मी तुला अमेरिकेतल्या लिबी खटल्याबद्दल वाचायला सांगितलं होतं. ते वाचून तू उलट जास्तच गोंधळलास. "ज्यानं गुपित फोडलं तो मोकळा आणि जो नुसता चुकीचं बोलला त्याला शिक्षा, हा कुठला न्याय?" असं तू लिहितोस. मग नीट ऐक.

२००७ च्या जानेवारीत लेकीच्या बाळंतपणासाठी आम्ही मेरीलँडला होतो. बाहेर बर्फ, घरात तान्हं बाळ, आणि रोज सकाळी पेपरात हा खटला. लुईस लिबी, ज्याला सगळे 'स्कूटर' म्हणत, हा उपराष्ट्राध्यक्ष डिक चेनी यांचा मुख्य अधिकारी. जोसेफ विल्सन या माजी राजदूतानं ६ जुलै २००३ ला वर्तमानपत्रात लेख लिहून इराक आणि नायजरच्या युरेनियमबद्दलचा सरकारी दावा खोडून काढला होता. आठच दिवसांनी, १४ जुलैला, एका स्तंभात छापून आलं की विल्सनची बायको सीआयए या अमेरिकी गुप्तहेर संस्थेत आहे. हे गुपित बाहेर कसं आलं याची चौकशी सुरू झाली. लिबीनं एफबीआयला आणि पुढे ग्रँड ज्युरीसमोर, म्हणजे आरोप ठेवायचा की नाही हे ठरवणाऱ्या नागरिकांसमोर, शपथेवर सांगितलं की ही गोष्ट जणू पहिल्यांदाच त्याला टिम रसर्ट या टीव्ही पत्रकाराकडून कळली. जूनमध्ये खुद्द चेनींनीच ती सांगितली होती आणि लिबीच्या स्वतःच्या हस्ताक्षरात तशी नोंदही होती, पण म्हणे तो ते साफ विसरून गेला होता. इकडे रसर्ट साक्षीत म्हणाला, आमचं त्या विषयावर बोलणंच झालं नाही.

सरकारी वकील पॅट्रिक फिट्झजेराल्ड यांचा मुद्दा शाळकरी पोरालाही कळेल असा होता. लिबी रसर्टशी बोलला गुरुवारी, १० जुलैला. पण सोमवारी जेवताना त्यानं तीच गोष्ट व्हाइट हाउसच्या प्रवक्त्याला सांगितली होती आणि मंगळवारी एका महिला पत्रकाराला. सोमवारी जे तू दुसऱ्याला सांगतोस, ते गुरुवारी ऐकून तुला धक्का कसा बसेल?

आता ज्युरी, म्हणजे खटला ऐकून कौल देणारे साधे नागरिक. आपल्याला ज्युरी म्हटलं की १९५९ चा मुंबईतला नानावटी खटला आठवतो. आठ विरुद्ध एक असा 'निर्दोष'चा कौल, आणि तो पुढे हायकोर्टानं फिरवला. त्यामुळे साधी माणसं भावनेत वाहून जातात असं आपण धरूनच चालतो. वॉशिंग्टनमधल्या या साध्या माणसांनी दहा दिवस खल केला. तिथे फौजदारी खटल्यात सगळ्यांचं एकमत लागतं. मधेच एका सदस्याच्या कानावर खटल्याबद्दल बाहेरचं काही आलं म्हणून न्यायाधीश रेगी वॉल्टन यांनी तिला घरी पाठवलं. उरलेल्या अकरा जणांनी काम पुढे चालवलं. भिंतीवर मोठमोठे ३४ कागद लावून कोण कुणाला कधी काय बोललं ते मांडलं. स्मरणशक्तीचा तज्ज्ञ साक्षीला आणू द्या ही बचाव पक्षाची मागणी न्यायाधीशांनी आधीच फेटाळली होती. विसरणं म्हणजे काय, हे ठरवायचं होतं त्या अकरा जणांनाच.

त्यांनी न्यायाधीशांना एक चिठ्ठी पाठवली होती. ती मी कधी विसरणार नाही. एखादी गोष्ट न आठवणं माणसाला अशक्यच आहे, असं सरकार पक्षानं सिद्ध करायला हवं का, असा त्यांचा प्रश्न होता. माणूस विसरतो हे त्यांना पुरेपूर मान्य होतं, म्हणूनच ते तिथे अडले. ६ मार्चला निकाल आला. पाचांपैकी चार आरोपांत दोषी: न्यायात अडथळा आणल्याचा एक, खोट्या शपथेचे दोन, एफबीआयला खोटं सांगितल्याचा एक. पाचव्यात शंका उरली, त्यात त्याला सोडून दिलं. त्यांच्यातला एक जण नंतर बाहेर येऊन म्हणाला की आम्हाला त्या माणसाची कीव येत होती, या प्रकरणातले बाकीचे कुठे आहेत असं आम्ही एकमेकांना विचारत होतो. पण विल्सनच्या बायकोबद्दल त्याला नऊ वेळा सांगितलं गेलं होतं. नऊ वेळा सांगितलेलं विसरला, हे त्यांच्या पचनी पडेना.

आता तुझा न्यायाचा प्रश्न. स्तंभलेखकाला ती माहिती देणारे परराष्ट्र खात्यातले रिचर्ड आर्मिटेज यांच्यावर आरोप ठेवला गेला नाही, हे खरं. लिबीला अडीच वर्षांची कैद झाली, ती बुशनी २ जुलै २००७ ला रद्द केली आणि २०१८ मध्ये ट्रम्पनी माफीही दिली, तेही खरं. पण आरोपपत्र ठेवलं त्या दिवशी फिट्झजेराल्ड म्हणाले होते की पंचाच्या डोळ्यांत वाळू फेकली तर मैदानात काय घडलं ते पंचाला दिसणारच नाही. मूळ गुन्हा कुणाचा आणि किती, हे ठरवता येऊ नये म्हणून तर वाळू फेकायची असते. 'त्यात काय मोठं' असं पुन्हा विचारू नकोस. मला राग येतो, आणि तो तुझ्यावरचा नसतो.

१९९४ साली आमच्या कार्यालयात एका चौकशीत मी साक्षीदार होतो. आवक रजिस्टरमधली एक नोंद खाडाखोड करून बदललेली होती. ती कोणी बदलली, असं मला विचारलं. संध्याकाळचे सात, बाहेर धो धो पाऊस, वरिष्ठ स्वतः टेबलाशी आले, रजिस्टर मागून घेतलं, माझंच पेन घेतलं. सगळं डोळ्यांसमोर होतं. मी म्हणालो, "आठवत नाही." आवक-जावकच्या कारकुनाच्या दोन वेतनवाढी थांबल्या. बाकी कुणाला काही झालं नाही.

मुलीची दहावी होती. बदलीची फाइल त्याच वरिष्ठांकडे होती. मी खरं बोललो असतो तरी एकट्याच्या शब्दाला कोण विचारणार होतं? पुढे त्या कारकुनाच्या मुलाच्या फीसाठी मी दोनदा पैसे दिले, कशाबद्दल ते न सांगता. हे सगळं खरं आहे आणि मी ते स्वतःला पुष्कळदा सांगितलंय. आठवत होतं, आणि मी आठवत नाही म्हणालो.

विभागीय चौकशी म्हणजे काही कोर्ट नव्हे, असं तुझे साहेब म्हणतात. त्या कारकुनाला तो फरक कधी जाणवला नाही.

तर आता कामाचं. साक्षीच्या आधी साइटची डायरी काढ, फोनमधले फोटो तारखेनुसार लाव, काय नक्की आठवतं ते कागदावर उतरव. खरंच जे आठवत नाही, ते तोडून वेगळं सांग: "तारीख आठवत नाही, पण सही कुठे केली आणि समोर कोण होतं ते आठवतं." अर्धं आठवत असताना पूर्ण विसरायचं नाही. अंदाजही करायचा नाही, आणि साहेबांवरचा राग आठवणीत मिसळायचा नाही. लिबीच्या ज्युरीनं एका आरोपात त्याला सोडलं, ते खऱ्या शंकेला किंमत असते म्हणूनच.

जबाब टाइप झाला की सहीसाठी घाई करतील. चहा येईल, घड्याळ बघतील. तू बसून प्रत्येक पान वाच. तू न उच्चारलेलं 'आठवत नाही' कुठे लिहिलेलं दिसलं, तर पेन खाली ठेव आणि ते बदलून मागून घे.

तुझा,
काका