डीओचे आकडे जुळत नसतील तर आधी बाटलीकडे बघा

तळ्याचे नमुने सकाळी भरले, दुपारी कॉलेजच्या लॅबमध्ये तपासले, टायट्रेशन (थेंबाथेंबाने द्रावण घालून मोजणं) नीट जमतंय, तरी विरघळलेल्या ऑक्सिजनचे, म्हणजे डीओचे, आकडे दर वेळी वेगळे, असं तुम्ही लिहिलंय. पहिल्या वर्षाच्या पर्यावरणशास्त्रात मीही हेच भोगलंय. टायट्रेशन तुम्हाला येतंच, त्यात शिरत नाही.

घोळ बाटलीत होतो. भरून ठेवलेल्या पाण्यातही जिवाणू ऑक्सिजन खात राहतात, उजेडात शेवाळ नवा सोडतं. म्हणून ऑक्सिजन बांधून ठेवणारी दोन रसायनं, मँगनीज सल्फेट आणि अल्कली-आयोडाइड-अझाइड, काठावरच घालायची, पिपेटचं टोक पाण्याखाली धरून. बुडबुडा न ठेवता बूच लावा, बाटली उलटसुलट करा. तपकिरी साका आला की ऑक्सिजन बांधला गेला, म्हणजे 'फिक्स' झाला. पांढराच राहिला तर पाण्यात ऑक्सिजन जवळपास नाहीच.

आमच्या विभागाने ही रसायनं बाहेर न्यायला परवानगीच दिली नाही. लॅबवाले म्हणत प्रमुखांची सही आणा, प्रमुख म्हणत स्टोअरला विचारा. सत्रभर नमुने तसेच आणले आणि तोंडी परीक्षेत त्याच विभागाने विचारलं, 'जागेवर फिक्स का नाही केलं?' मार्क गेले ते गेलेच. अझाइड विषारी आहे, काळजी घ्यायलाच हवी, हे मान्य. पण मग हातमोजे द्या, सोबत लॅब असिस्टंट पाठवा. विद्यार्थ्याला नुसतं फिरवत ठेवणं म्हणजे सुरक्षितता नव्हे.

तुम्हालाही नकार मिळाला तर डीओ मीटर मागा आणि काठावरच वाचन घ्या. तेही नाही मिळालं तर अहवालात 'मर्यादा' या मथळ्याखाली परवानगी नाकारल्याचं तारखेसह स्पष्ट लिहा. माझ्या मते हे लिहिण्यात संकोच करू नये. अर्थात मी शिक्षक नाही, तुमच्या परीक्षकांची पद्धत वेगळी असू शकते.

प्रत्येक वाचनाशेजारी वेळ आणि पाण्याचं तापमान लिहाच. संपृक्त गोड्या पाण्यात 20 अंशांना लिटरमागे साधारण 9 मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, 30 अंशांना साडेसातच्या आसपास. शिवाय शेवाळाच्या तळ्यात पहाटे डीओ सर्वांत कमी होतो आणि दुपारी चढतो. तो फरक म्हणजे चूक नव्हे, तेच तुमचं खरं निरीक्षण, खोडून सरासरी काढू नका.

पुढे बीओडी (जिवाणू 5 दिवसांत किती ऑक्सिजन खातात ती चाचणी) करणार असाल तर विरलीकरणाच्या, म्हणजे नमुना वेगवेगळ्या प्रमाणात पातळ केलेल्या, दोन-तीन बाटल्या लावा. 5 दिवसांनी ज्या बाटलीत ऑक्सिजन शून्यावर आला, तिचा आकडा धरता येत नाही. लिटरमागे किमान 2 मिलिग्रॅम घट आणि किमान 1 मिलिग्रॅम शिल्लक असेल तीच बाटली घ्या.