खुब्याचं ऑपरेशन आत्ता, का निवड चाचणी झाल्यावर?

प्रश्न : ताई, मी धाराशिवकडची, वय २१, खो-खो खेळते. सहा-सात महिने झाले उजव्या जांघेत आतून दुखायलंय, पाटीत बसून उठताना अन् खांबावर वळताना तर कळच निघते. एमआरआयमध्ये लॅब्रम फाटलंय असं आलं. डॉक्टर म्हणायलेत दुर्बिणीतून ऑपरेशन करून घ्या, आमचे सर म्हणायलेत चाचणी होऊ दे, घरचे म्हणायलेत खेळच सोड. काय करू?

उत्तर : खेळ सोडायचं सध्या डोक्यातून काढ. लॅब्रम म्हणजे खुब्याच्या वाटीला कुकरच्या रिंगसारखी बसलेली कडा, आणि ती फाटलेली असली म्हणून दुखणं तिचंच असं नसतं, काहीच न दुखणाऱ्या खेळाडूंचा एमआरआय काढला तरी कितीतरी जणांत ती फाटलेली निघते. म्हणून आधी सांध्यात भूल देणारं इंजेक्शन घेऊन बघायचं, त्यानंतर उकिडवं बसून बघायचं, दुखणं गायब झालेलं असेल तर गडबड सांध्यातच आहे, नाही झालं तर कंबर नायतर जांघेचे स्नायू तपासायचे.

दुसरं, फिजिओ. शेक अन् मशीन लावून घेतलेले दिवस मी त्यात धरतच नाही बरं का. कुल्ल्याच्या आणि पोटाच्या स्नायूंचा व्यायाम तीन महिने नेटानं, तोवर खोल बैठका बंद. २०१८ ला लॅन्सेट या डॉक्टरांच्या नियतकालिकात ब्रिटनमधल्या खुब्याच्या ३४८ पेशंटचा अभ्यास आला होता, वर्षभरानं ऑपरेशनवाले जास्त सुधारले पण नुसत्या फिजिओवालेही सुधारले होतेच. त्यामुळं मी तुमच्या सरांच्या बाजूनं, कारण ऑपरेशननंतर काही आठवडे कुबड्या आणि मॅचला यायला साधारण सहा महिने, म्हणजे चाचणी गेलीच समज. पण गोळ्या खाऊन, इंजेक्शनं मारून खेळायचं नाही, आणि सांधा अडकायला लागला, लंगडायला लागलीस किंवा रात्री झोप मोडायला लागली तर चाचणीचं बघत बसू नको.

जास्त ताणलं तर काय होतं ते टेनिसवाल्या अँडी मरेचं बघ, २०१७ चं विम्बल्डन लंगडत खेळला, मग ऑपरेशन टाळत अर्धं वर्ष विश्रांती, शेवटी जानेवारी २०१८ ला दुर्बिणीचं ऑपरेशन, तरी दुखणं राहिलं आणि २०१९ ला खुब्यात धातू बसवावा लागला. त्याच वर्षी अँटवर्पची स्पर्धा जिंकला ही गोष्ट वेगळी!

जाता जाता पोलीस भरतीच्या पोरांना, कारण तुमचीही पत्रं येतात : १६०० मीटर मारताना पाऊल टेकलं की जांघेत दुखत असेल तर पळणं आजच बंद. मांडीच्या हाडाच्या मानेला बारीक तडा असू शकतो, सुरुवातीला एक्सरेत दिसतही नाही, आणि पळत राहिलात तर हाड मोडतं.

आणि पोरी, एमआरआयसोबत साधा एक्सरेही काढ अन् सर्जनला विचार की सांध्यातली फट किती राहिलीय, २ मिलीमीटरपेक्षा कमी असेल तर दुर्बिणीचा फारसा उपयोग होत नाही. ते खुब्याची दुर्बीण वर्षाला किती करतात हेही विचार, लाजू नको. गुडघ्याची करणारे आपल्याकडं पुष्कळ मिळतात, खुब्याची नेमानं करणारे थोडे, त्यासाठी संभाजीनगर नाहीतर पुणं गाठावं लागलं तरी गाठ.