अ‍ॅफिलिएट लिंका सांभाळायला आणि झाकायला कोणतं प्लगइन घ्यावं?

तुमचा प्रश्न असा: चाळीसगावहून चालवलेली, फवारणी पंप आणि शेती अवजारांवर लिहिणारी वर्डप्रेस साइट, जवळपास 140 अ‍ॅफिलिएट लिंका (त्यांवरून खरेदी झाली की तुम्हाला कमिशन मिळतं), त्यातल्या 95 अ‍ॅमेझॉनच्या, आणि त्या झाकायला, म्हणजे दुकानाच्या लांब पत्त्याऐवजी तुमच्या साइटचा छोटा पत्ता दाखवायला, फुकटातलं सगळ्यात चांगलं प्लगइन कुठलं.

आधी त्या 95 बाजूला काढा. त्या झाकायच्याच नाहीत. लिंक अ‍ॅमेझॉनला जाते हे ग्राहकाला कळू नये अशी रचना अ‍ॅमेझॉनच्या असोसिएट्स (त्यांचा अ‍ॅफिलिएट कार्यक्रम) कराराला चालत नाही, आणि खातं बंद झालं तर थकलेलं कमिशनही अडकू शकतं. त्यांची स्वतःची छोटी लिंक, म्हणजे साइटस्ट्राइपमधून (असोसिएट्सना अ‍ॅमेझॉनच्या पानावर वर दिसणाऱ्या पट्टीतून) निघणारी, चालते. पण ती 40 लेखांत चिकटवली आणि पंप ऐन जुलैत, कपाशीच्या फवारणीच्या तोंडावर, स्टॉकमधून गेला, की 40 लेख उघडून बसा.

म्हणून मी थर्स्टीअ‍ॅफिलिएट्स हे प्लगइन सुचवेन. त्यात अ‍ॅमेझॉनची एक वेगळी कॅटेगरी करून ती ‘अनक्लोक’, म्हणजे उघडी, करता येते. लेखात तुम्ही तुमचीच लिंक टाकता, पण पान वाचकासमोर जाताना तिच्या जागी थेट अ‍ॅमेझॉनचा पत्ता बसतो. नियमही पाळला जातो आणि बदल एकाच ठिकाणी करता येतो. धुळ्याकडे पांझरा नदीच्या फड पद्धतीत पाटाचं पाणी वाटणारा पाटकरी असतो ना, पाणी त्याच्या मालकीचं नसतं, कुठल्या चारीत सोडायचं तेवढं त्याच्या हातात. लिंक मॅनेजरचं काम तेवढंच. एक मात्र ध्यानात ठेवा: पत्ता बदलल्यावर कॅशे (वेगासाठी साठवून ठेवलेली तयार पानं) साफ केला नाही, तर तयार पानात जुनाच पत्ता राहतो आणि ‘बदललं तरी बदलत नाही’ म्हणून डोकं धरायची वेळ येते.

प्रिटी लिंक्स हे दुसरं प्लगइनही वाईट नाही. क्लिकचा हिशोब हवा असेल तर तेच सोपं. पण ते प्रत्येक क्लिक डेटाबेसच्या वेगळ्या टेबलात लिहितं, आणि त्यात बॉटचे (आपोआप फिरणाऱ्या प्रोग्रामांचे) क्लिकही येतात. स्वस्त शेअर्ड होस्टिंगवर ते टेबल फुगलं की बॅकअप रखडतो. 90 दिवसांपूर्वीचे क्लिक आपोआप काढायची सोय त्यात आहे, ती पहिल्याच दिवशी चालू करा.

अ‍ॅमेझॉन सोडून उरलेल्या 45 लिंकाच सांभाळायच्या असत्या, तर मी रीडायरेक्शन हे साधं फुकट प्लगइन घेतलं असतं. त्याची सगळी यादी सीएसव्ही (एक्सेलमध्ये उघडणारी फाइल) किंवा अपाचे सर्व्हरच्या नियमांच्या रूपात बाहेर काढता येते. प्लगइन निवडताना हाच प्रश्न आधी विचारावा: उद्या हे काढलं तर काय? लेखांत तुमच्या साइटचे छोटे पत्तेच राहतात, आणि ते ओळखणारं प्लगइन गेलं की सगळे एकदम 404, म्हणजे ‘पान सापडलं नाही’.

आता मांडणी. थर्स्टीअ‍ॅफिलिएट्स पत्त्यात आपला ‘रेकमेंड्स’ हा शब्द घालतं. तो बदलून ‘गो’ करायचा असेल तर पहिली लिंक टाकण्याआधीच करा. नंतर बदलला तर जुन्या लेखांतल्या लिंका तुटू शकतात. स्लग, म्हणजे पत्त्यातलं त्या लिंकचं नाव, रोमन अक्षरांतच ठेवा. देवनागरीतलं एकेक अक्षर आणि चिन्ह पत्त्यात 9 चिन्हांचं होतं, नुसता ‘पंप’ 27 चिन्हं खातो, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर ती लिंक बघून कुणाला भरवसा वाटणार नाही.

रीडायरेक्टचा (छोट्या पत्त्यावरून खऱ्या पत्त्यावर पाठवण्याचा) प्रकार 302 किंवा 307, म्हणजे तात्पुरता. 301 नको. 301 म्हणजे कायमचा बदल, तो ब्राउझर लक्षात ठेवतो, आणि तुम्ही पत्ता बदललात तरी तो वाचक जुन्याच, बंद पडलेल्या पानावर जातो. ‘गो’ने सुरू होणारे सगळे पत्ते कॅशे प्लगइनच्या अपवादांत टाका. लिंकांच्या कोडमधल्या ‘rel’ या विशेषतेत ‘स्पॉन्सर्ड’ लावा, म्हणजे ही कमाईची लिंक आहे हे गूगलला कळतं. गूगलने हा प्रकार 2019 मध्ये आणला. आधीचं ‘नोफॉलो’ सोबत राहिलं तरी बिघडत नाही.

तपासणी फोनवर, मोबाईल डेटावर, इनकॉग्निटोत करा. अ‍ॅमेझॉन इंडियाच्या पत्त्यात शेवटी -21 असलेला तुमचा टॅग (तुमच्या खात्याची खूण) दिसला पाहिजे. चुकतं ते बहुधा पत्ता चिकटवताना: प्रश्नचिन्हापुढचा भाग अर्धवट कॉपी होतो, पान व्यवस्थित उघडतं, म्हणून कुणाला काही वाटत नाही, आणि कमिशन शून्य. 12 व्होल्टच्या बॅटरी पंपाच्या लेखाला भरपूर क्लिक असून विक्री शून्य दिसत असेल, तर आधी हेच बघा.

एक ओळ लेखाच्या वरच, पहिल्या लिंकच्या आधी, मराठीत: ‘या लिंकवरून खरेदी केलीत तर मला कमिशन मिळतं.’ अ‍ॅमेझॉनला त्यांचं ठरलेलं वाक्य साइटवर वेगळं लागतं, ते त्यांच्या करारातूनच जसंच्या तसं उचला.