जुन्या मित्रांकडे दोन दिवस: कोकणातल्या मुक्कामाचे प्रश्न

नोकरी-धंदा आटोपून कोकणातल्या घरी परतलेल्या मित्रमैत्रिणींकडे शनिवार-रविवार जाऊन यायचं, अशी बरीच पत्रं या वेळी आली. प्रश्न निरनिराळे असले तरी आमचा पहिला सल्ला सगळ्यांना एकच आहे. रस्ता ठरवण्याआधी यजमानांना फोन करा. त्यांचा स्वयंपाक कोण करतं, पाणी कधी येतं, घरात कुणाला काय पथ्य आहे, हे विचारून घ्या आणि बाकीचं त्यावर बेतवा.

प्रश्न : आम्ही कोथरूडला राहतो. कॉलेजमधले मित्र चिपळूणला आहेत. आम्ही दोघं, मुलगी 9 वर्षांची, मुलगा 4 वर्षांचा आणि 72 वर्षांच्या सासूबाई असे गाडीने जाणार आहोत. शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर निघावं की शनिवारी पहाटे? ताम्हिणीने जावं की कुंभार्लीने?

शनिवारी पहाटे पाचला निघा. शुक्रवारी संध्याकाळी निघालात तर शहराबाहेर पडण्यातच तास जाईल, घाट अंधारात उतरावा लागेल आणि पोहोचायला मध्यरात्र होईल. तोवर यजमान तुमच्यासाठी जेवायचे थांबलेले असतात, हे जास्त वाईट. पहाटे निघालात तर अकराच्या सुमारास घरात पाय ठेवाल, तेही जेवणाच्या वेळेआधी.

अंतर दोन्हीकडून सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास आहे. कोथरूडकरांना ताम्हिणी सोयीचा. पौड, ताम्हिणी, माणगाव आणि तिथून मुंबई-गोवा महामार्गाने महाड, पोलादपूर, खेड. कशेडीला बोगदा झाल्यापासून तिथली वळणं वाचतात, मात्र चिपळूणच्या तोंडाशी परशुराम घाट आहेच. टाकी आदल्या दिवशी पुण्यातच भरून ठेवा. घाटात मोबाइलची रेंज जाते, म्हणून नकाशा आधीच फोनमध्ये उतरवून घ्या आणि न्याहारीला माणगावलाच थांबा. कुंभार्लीचा रस्ता साताऱ्यापुढे उंब्रजपर्यंत चौपदरी आहे. पाटण, कोयनानगर आणि पुढे घाट हा टप्पा दुपदरी. ऊसतोडणीच्या दिवसांत त्या पट्ट्यात पहाटे मागचा दिवा नसलेल्या ट्रॉल्या असतात, तेव्हा वेग आवरता ठेवा.

पाच माणसं आणि सामान असताना टायरमधली हवा रोजच्याइतकी ठेवून चालत नाही. ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर चिकटवलेल्या पट्टीवर बहुतेक गाड्यांना दोन आकडे दिलेले असतात. त्यातला भरलेल्या गाडीचा आकडा घ्या आणि टायर थंड असताना हवा तपासा. घाट उतरताना दुसऱ्या गिअरमध्ये, तीव्र उतारावर त्याहून खालच्या, इंजिनानेच गाडी रोखा. सतत ब्रेकवर पाय राहिला की ब्रेक तापतात, जळका वास येतो आणि पॅडल दाबूनही गाडी नीट थांबत नाही. वास आला तर सुरक्षित जागी थांबून पंधरा-वीस मिनिटं गाडी गार होऊ द्या. चाकांवर पाणी ओतू नका.

परतीचं गणित बहुतेकांचं चुकतं. रविवारी जेवून दोनला निघालात तर मुळशी-ताम्हिणीला फिरायला आलेल्यांच्या गाड्यांत संध्याकाळी पिरंगुटपासून अडकाल. त्यापेक्षा भरपेट न्याहारी करून दहाला निघा. यजमानांचा एक स्वयंपाकही वाचतो. मात्र हे शनिवारी पोहोचताच सांगा. रविवारी सकाळी वाटण तयार असताना सांगितलंत तर त्यांना वाईट वाटेल, आणि ते रास्तच आहे.

पावसाळ्यात निघण्याआधी घाट सुरू आहे का, याची चौकशी त्याच सकाळी करा. आदल्या दिवशीची माहिती दरडीच्या दिवसांत उपयोगाची नसते.

प्रश्न : मुलीला घाट लागतो. उपाशीपोटी नेलं तरी उलटी होतेच. काय करावं?

उपाशी नेऊ नका, त्याने मळमळ वाढते. निघण्याआधी तास-दीड तास मऊ भात किंवा कोरडी पोळी असं थोडं खायला द्या. दूध, तळलेलं आणि गोड टाळा. कानाच्या आतल्या भागाला वळण जाणवत असतं आणि डोळे मात्र मोबाइलच्या स्थिर पडद्यावर असतात. ही विसंगती मेंदूला झेपत नाही, म्हणून पोट ढवळतं. घाट सुरू होण्याच्या दहा मिनिटं आधी मोबाइल आणि पुस्तक काढून घ्या. मागच्या सीटवर मधे पूर्ण तीन बिंदूंचा, म्हणजे खांदा आणि कंबर दोन्ही धरणारा पट्टा असेल तर तिला तिथे बसवा, समोरचा रस्ता दिसला पाहिजे. काच दोन बोटं उघडी ठेवा आणि गाडीतली अत्तराची डबी काढून टाका.

गोळी द्यायची तर ती घाटाच्या पायथ्याशी देऊन काम होत नाही, निघण्याआधी तासभर पोटात गेलेली असावी. प्रोमेथाझिन गटातली औषधं दोन वर्षांखालच्या बाळांना देत नाहीत. मोठ्या मुलांचीही मात्रा डॉक्टरांकडूनच ठरवून घ्या. या गोळीने झोप येते, म्हणून गाडी चालवणाऱ्याने ती घेऊ नये. उलटी झालीच तर लगेच पाण्याची बाटली तोंडाला लावू देऊ नका. चूळ भरून पंधरा मिनिटांनी घोट घोट पाणी, मग आल्याची वडी.

प्रश्न : आम्ही डोंबिवलीहून रेल्वेने चिपळूणला जाणार. शुक्रवार रात्रीचं ‘तुतारी’चं तिकीट काढायचंय. आईला खालचा बर्थ हवा आणि मुलगा 6 वर्षांचा आहे.

तारखेत घोळ करू नका. ‘तुतारी’ दादरहून रात्री बारा वाजून गेल्यावर सुटते, त्यामुळे शुक्रवार रात्रीच्या प्रवासाचं तिकीट शनिवारच्या तारखेचं काढायचं. शुक्रवारची तारीख टाकणारे दर सुट्टीत फलाटावर भेटतात, आणि तोवर त्यांची गाडी चोवीस तास आधी निघून गेलेली असते. तुम्हाला ठाणं जवळ. चढण्याचं स्टेशन ठाणे टाकलंत तरी तारीख शनिवारचीच.

नोव्हेंबर 2024 पासून आरक्षण 60 दिवस आधी खुलं होतं. ‘तत्काळ’चं आरक्षण प्रवासाच्या आदल्या दिवशी, म्हणजे तुमच्या बाबतीत शुक्रवारी, वातानुकूलितसाठी सकाळी दहाला आणि स्लीपरसाठी अकराला.

खालच्या बर्थच्या कोट्यात 60 वर्षांवरचे पुरुष आणि 45 वर्षांवरच्या स्त्रिया येतात. एका तिकिटावर जास्तीत जास्त दोघं आणि दोघंही त्या वयात बसणारे, ही अट आहे. घरच्या पाच जणांच्या तिकिटात आईचं नाव घातलंत तर कोटा मिळत नाही. त्यांचं तिकीट वेगळं काढा. डबा वेगळा आला तर गाडीत तपासनिसांशी बोला. खालच्या बर्थच्या बदल्यात मधला किंवा वरचा घ्यायला कुणी सहसा तयार होत नाही, पण खालच्याच्या बदल्यात खालचा मिळू शकतो.

5 ते 12 वर्षांच्या मुलाला स्लीपरमध्ये अर्धं भाडं तेव्हाच, जेव्हा त्याच्यासाठी बर्थ घेत नाही. रात्रीचा प्रवास आहे, बर्थ घ्या आणि पूर्ण भाडं भरा. सहा वर्षांचं मूल कुशीत घेऊन एका बर्थवर कुणाचीच झोप होत नाही.

गाडी पहाटे पोहोचते आणि स्टेशन बाजारपेठेपासून लांब आहे. मित्राला पहाटे गाडी घेऊन बोलावण्यापेक्षा त्यांच्या ओळखीच्या रिक्षावाल्याचा नंबर आधीच घेऊन ठेवा.

प्रश्न : एसटीने गेलो तर सवलती काय?

राज्यात 75 पूर्ण झालेल्यांना प्रवास मोफत, 65 ते 75 वयाला अर्धं तिकीट आणि सर्व स्त्रियांना अर्धं तिकीट. वयाचा पुरावा म्हणून आधार कार्ड जवळ ठेवा. आरक्षणाचा आकार मात्र वेगळा पडतो.

प्रश्न : त्यांच्याकडे नारळ, आंबे, काजू सगळं घरचं आहे. जाताना न्यायचं तरी काय?

घाटावरचं न्या. कोकण भाताचा मुलूख, तिथे चांगली ज्वारी-बाजरी सहज मिळत नाही. निघण्याच्या आदल्या दिवशी दळलेलं ज्वारीचं दोन किलो पीठ दिलंत तर त्याचं मोल होतं. महिनाभराचं दुकानातलं पीठ नेऊ नका. त्याची विरी, म्हणजे चिकटपणा, गेलेली असते आणि भाकरी थापताना कडेने चिरते. थंडीत पुरंदरचा मटार दोन-तीन किलो न्या. तो शेंगांतच ठेवा, सोललेला मटार गाडीच्या उष्णतेत आंबूस होतो. साताऱ्यावरून जात असाल तर कंदी पेढे. ते खरपूस भाजलेले असल्याने तीन-चार दिवस सहज राहतात. मलईची मिठाई गाडीत टिकत नाही. बाकरवडी न्यायची तर घट्ट झाकणाच्या डब्यात, कारण दमट हवेत उघडं पाकीट तासाभरात सादळतं.

मासे खाणार असाल तर वार आणि तिथी आधी विचारा. कित्येक घरांत सोमवार, गुरुवार, शनिवार किंवा संकष्टीला चालत नाही. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. तेव्हा ताज्या सुरमईची फर्माईश करून यजमानांना अडचणीत टाकू नका. खाडीतलं किंवा घरचं सुकं जे पानात येईल ते आवडीने खा.

प्रश्न : मी देवरूखहून लिहिते आहे. जुनी मैत्रीण मे महिन्यात कुटुंबासह येते. ते पाच आणि आम्ही चार, त्यात मुलं तीन. स्वयंपाकाला मी एकटी आहे, न्हाणीघर एक आणि विहीर तळाला गेलेली. प्रमाण सांगा.

दुसरी बाजू मांडणारं हे एकच पत्र आलं, म्हणून सविस्तर सांगतो.

आधी पाणी. अंघोळ, भांडी, संडास मिळून माणशी दिवसाला शंभर लिटर धरा, म्हणजे नऊ जणांना दोन दिवसांत 1800 लिटर. टाकी शुक्रवारीच भरा. कपडे धुणं सोमवारवर टाका आणि चादरी-टॉवेल आणायला मैत्रिणीला मोकळेपणाने सांगा. शहरातून येणाऱ्यांना हे सुचत नाही, पण सांगितलं तर कुणी नाही म्हणत नाही.

एका जेवणाला साधारण 650 ग्रॅम तांदूळ आणि 225 ग्रॅम तूरडाळ पुरते. ओले काजूगर मिळाले तर सोललेले 300 ग्रॅम आणि दोन बटाटे, एवढ्यात नऊ जणांची उसळ होते. सोलकढीला दोन मोठे नारळ आणि पंधरा आमसुलं. आमसुलं अर्धा तास कोमट पाण्यात भिजवा. नारळाचं दूध काढल्यावर ती कढी उकळू नका, फाटते.

रविवारच्या न्याहारीला आंबोळ्या करा. एक किलो तांदूळ, पाव किलो उडीद, एक चमचा मेथी, सहा तास भिजवून. पंचवीस-तीस आंबोळ्या होतात. थंडीत संध्याकाळी वाटून ठेवतो तसं मे महिन्यात केलं तर पीठ सकाळपर्यंत आंबट ढाण होतं. रात्री दहाला वाटा, भांडं अर्धंच भरा आणि मीठ सकाळी घाला. बिडाचा तवा आधी चांगला तापवून मग आंच कमी करा. अर्धा कांदा काट्यावर टोचून तेलात बुडवायचा आणि तव्यावर फिरवायचा. पीठ पडताच बारीक जाळी धरली आणि कडा आपोआप सुटू लागल्या की तवा जमला. पहिली चिकटली तर पाणी शिंपडू नका, तवा पुसून पुन्हा तेलाचा कांदा फिरवा.

शनिवारी रात्री पिठलं-भात आणि कैरीचं लोणचं पुरे. पिठलं मैत्रिणीला करू द्या आणि भांडी पुरुषांना घासू द्या. तुम्ही दोघी त्या वेळी ओटीवर बसा, ती भेटायला आली आहे तुम्हाला.

प्रश्न : आईला इन्सुलिन चालू आहे. मे महिन्यात गाडीतून कसं न्यायचं?

चालू असलेली कुपी किंवा पेन साधारण 25 ते 30 अंशांखाली असेल तर चार आठवडे फ्रिजबाहेर राहू शकते. तुमच्या ब्रँडचा नेमका आकडा वेष्टनावर पाहा. धोका बंद गाडीचा आहे. उन्हात उभी केलेली गाडी पाहता पाहता तापते. जेवायला उतरताना पिशवी बरोबर घ्या. बर्फाला थेट लावू नका, गोठलेलं इन्सुलिन निकामी होतं. टॉवेलात गुंडाळून गारव्याच्या पिशवीत ठेवा. आणि तिथे कमोड आहे का, हे आधी विचारा. नसेल तर घडीची कमोडखुर्ची बरोबर न्या.

प्रश्न : निघताना मित्र हापूसची पेटी देतात. घरी येईपर्यंत निम्मे आंबे खराब होतात. का?

तीन कारणं असतात आणि बहुतेकदा तिन्ही एकत्र येतात. पेटी उन्हात तापलेल्या डिकीत असते, वर फणस किंवा बॅगा रचलेल्या असतात आणि घरी आल्यावर ‘टिकतील’ म्हणून कच्चे आंबे फ्रिजमध्ये जातात.

पेटी गाडीत मागच्या सीटच्या पायाशी, सावलीत ठेवा. वर काही ठेवू नका. आंबे मित्राकडून देठासकट मागा. देठ तुटला की चीक सालीवर ओघळतो, तिथे काळा डाग पडतो आणि कुजणं तिथूनच सुरू होतं. काढलेला आंबा उन्हात पडून राहिला तर आतला गर पांढरट, स्पंजासारखा होण्याची शक्यता वाढते. त्याला साका म्हणतात. तो बाहेरून दिसत नाही, म्हणून सकाळी काढून सावलीत ठेवलेले आंबे मागायला संकोचू नका.

घरी पोहोचताच पेटी रात्रीच उघडा. जमिनीवर पोतं, त्यावर चार बोटं भाताचा पेंढा आणि त्यावर आंबे एकमेकांना न टेकता एका थरात लावा. वरून पुन्हा पेंढा. पेंढा नसेल तर वर्तमानपत्र चालेल, प्लॅस्टिकची पिशवी नाही, तिच्यात घाम धरतो. एक दिवसाआड प्रत्येक आंबा उलटा आणि डागाळलेला लगेच बाजूला काढा. पूर्ण कच्चे आंबे आठ-दहा दिवसांत पिकतात. देठाजवळ वास सुटला आणि अंगठ्याखाली किंचित दबला की खायचा. फ्रिजमध्ये फक्त पिकलेले, तेही दोन-तीन दिवसांपुरते. कच्चा आंबा थंडीत गेला की सालीवर डाग पडतात आणि पुन्हा बाहेर काढला तरी तो सारखा पिकत नाही.

बरोबर कोकमाचं आगळ दिलं तर काचेच्या बाटलीत घ्या. आगळात मीठ आणि आंबटपणा दोन्ही असतात, पत्र्याचं झाकण त्याने गंजतं. झाकणाखाली प्लॅस्टिकचा तुकडा घालून घट्ट बसवा आणि घाट चढताना बाटली उभी राहील अशी, आंब्यांच्या पेटीपासून दूर ठेवा.