तुमचे प्रश्न : वडिलांना आतड्याचा कॅन्सर, मुलांनी कधी तपासायचं?

प्रश्न : माझं वय ४३, धाकटा भाऊ ३९. वडिलांना ५२व्या वर्षी मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघाला. आम्हा दोघांनाही काही त्रास नाही. दरवर्षी स्टूल टेस्ट करून घेतली तर भागेल का?
– एक वाचक, लोकमान्यनगर, इंदूर

उत्तर : नाही भागणार. स्टूल टेस्ट रक्त शोधते. हा कॅन्सर बहुधा पॉलिपपासून, म्हणजे आतड्याच्या अस्तरावरच्या लहान मांसल कोंबापासून सुरू होतो, आणि लहान पॉलिपमधून सहसा रक्त येतच नाही. तो बिघडायला साधारण दहा वर्षं लागतात. तेवढ्यात दुर्बिणीतूनच कापून टाकला, की कॅन्सर होणंच टळतं. त्रास सुरू व्हायची वाट बघण्यात ही संधी जाते.

आई-वडील, भावंडं किंवा मुलं यांपैकी कुणाला साठीच्या आत हा कॅन्सर झाला असेल, तर वयाच्या ४०व्या वर्षी किंवा त्यांच्या निदानाच्या वयाच्या १० वर्षं आधी, जे लवकर येईल तेव्हा कोलोनोस्कोपी, म्हणजे गुदद्वारातून दुर्बीण घालून मोठ्या आतड्याची तपासणी. मग दर ५ वर्षांनी. तुमच्याकडे ५२ वजा १० म्हणजे ४२, त्याआधी ४० येतात. तुम्हाला तीन वर्षं उशीर झालाच आहे, भावाचा नंबर पुढच्या वाढदिवसाला. वडिलांचा बायोप्सी रिपोर्ट सोबत न्या. नात्यात आणखी कुणाला आतड्याचा किंवा गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर झाला असेल तर तेही सांगा. लिंच सिंड्रोम हा आनुवंशिक दोष निघाला, तर तपासणी २०–२५व्या वर्षीच सुरू होते.

खरी मेहनत पोट साफ करण्याची. ते अर्धवट राहिलं तर पॉलिप दिसत नाही आणि सगळं पुन्हा करावं लागतं. दोन-तीन दिवस आधीपासून पेरू, टोमॅटो, तीळ, पालेभाज्या बंद; शेव-डाळिंबदाणे घातलेले पोहेसुद्धा. मऊ भात, दही चालतं. आदल्या दिवशी फक्त गाळीव पातळ : नारळपाणी, गाळलेलं लिंबूसरबत, बिनदुधाचा चहा. लाल-जांभळी सरबतं नकोत, आत ती रक्तासारखी दिसतात. लोहाच्या गोळ्या आठवडाभर आधी थांबवतात. रक्त पातळ करणाऱ्या आणि मधुमेहाच्या गोळ्या मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका.

जुलाबाचं औषध अर्धं आदल्या संध्याकाळी आणि अर्धं तपासणीच्या ४ ते ६ तास आधी घ्यायला लागा. निदान २ तास आधी संपवा. ‘एकदाचं उरकू’ म्हणून सगळं रात्रीच प्यायलं, की सकाळपर्यंत लहान आतड्यातला पित्ताचा चिकट थर उजव्या बाजूला येऊन बसतो, आणि तिथलेच चपटे पॉलिप हुकतात. शेवटी फिकट पिवळं, आरपार दिसणारं पाणी पडलं पाहिजे. रिपोर्टमध्ये दुर्बीण ‘सीकम’पर्यंत, म्हणजे मोठं आतडं जिथे सुरू होतं त्या टोकापर्यंत पोचल्याची नोंद आहे का, तेवढं बघा.

प्रश्न : वय ५८, घराण्यात कुणाला नाही. स्टूल टेस्ट पॉझिटिव्ह आली, पण मला मूळव्याध आहे. पुन्हा करून बघू का?
– एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : नको, थेट कोलोनोस्कोपी करा. मूळव्याध आहे म्हणून वर पॉलिप नसेलच असं नाही. पॉलिपमधून रक्त येतं-थांबतं, त्यामुळे दुसरी निगेटिव्ह आली तरी पहिली खोटी ठरत नाही. तुम्ही टेस्ट केलीत हे बरंच झालं : सरकारी तपासणी मोहिमेत तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाचा कॅन्सर बघतात, आतड्याचा नाही. अमेरिकेत घराण्यात कुणी नसलं तरी ही तपासणी ४५पासून सुचवतात. २०२१ साली तिथे ती मर्यादा ५०वरून खाली आणली.

घरातल्या इतरांना ही टेस्ट करायची असेल, तर मे महिन्यातल्या दुपारी नमुना स्कूटरच्या डिकीत ठेवू नका. उन्हानं त्यातलं हिमोग्लोबिन मोडतं आणि टेस्ट खोटी निगेटिव्ह येते. सकाळीच लॅबमध्ये पोचवा.