पाणी स्वच्छ दिसतंय, तरी मासे का मरतात?

पाणी काचेसारखं दिसतंय, पण चौथ्या-पाचव्या दिवशी मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करतायत, कल्ले लाल झालेत? नव्या टाकीत बहुतेक वेळा हा रोग नसतो, अमोनिया असतो. विष्ठा आणि उरलेल्या खाण्यातून तो तयार होतो. त्याचं आधी नायट्राइट, मग नायट्रेट करणारे जिवाणू फिल्टरच्या स्पंजवर रुजायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर ५० लिटरच्या टाकीत तीन-चार गप्पी (छोटे मासे) पुरेत. पाणी तपासायचं टेस्ट किट घ्याच. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आल्याशिवाय नवे मासे आणू नका. आत्ता त्रास दिसत असेल तर आजच अर्धं पाणी बदला आणि एक दिवस खाणं बंद ठेवा.

आणि कृपा करून स्पंज नळाखाली धुऊ नका! नळाच्या पाण्यातलं क्लोरीन जिवाणू मारतं आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. टाकीतून काढलेल्या पाण्याच्या बादलीत तो दोन-तीनदा पिळा. थोडा तपकिरी राहिला तरी चालेल, राहू द्याच.

दर आठवड्याला पाव टाकी पाणी बदला, सायफनने खडीतला गाळ ओढून. नव्या पाण्यात अँटी-क्लोरीन बाटलीवरच्या मापाने घाला. सोसायटीत बोअरचं पाणी असेल तर ते बहुधा जड, म्हणजे जास्त क्षारांचं असतं. त्यात गप्पी, मोली खूश राहतात. पुण्यातल्या डिसेंबरच्या रात्रींसाठी २६ अंशांवर लावलेला हीटर हवा.

खाणं दोन मिनिटांत संपेल एवढंच.