बिअर्डेड ड्रॅगनच्या पेटीत फरशी चालते का? घालायची तर कोणती?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वर्षभराचा बिअर्डेड ड्रॅगन (हा पाळीव सरडा) आहे, त्याच्यासाठी सुताराकडून चार बाय दोन फुटांची पेटी करून घ्यायची आहे. विकणारा म्हणतो, वाळवंटातला प्राणी आहे, वाळूच घाला. घरचे म्हणतात, हॉलच्या टाइल्स माळ्यावर उरल्यात, त्या घाल. ऐकायचं कुणाचं?

फरशीच घाला. फक्त माळ्यावरची नको. हॉलची म्हणजे ती चकचकीत व्हिट्रिफाइड असणार, आणि मी नेमकी तीच चूक करून बसलो होतो.

मी कोल्हापुरात, शिवाजी पेठेत राहतो. माझ्याकडे सहा वर्षांपासून एक नर आहे. नाव वस्ताद. मान हलवत पुढच्या पायांवर जोर मारताना एकदा बघा, दुसरं नाव सुचणार नाही. पहिल्या वर्षी त्याच्या पेटीत मी स्वयंपाकघरातून उरलेल्या पांढऱ्या ग्लॉसी टाइल्स घातल्या. पेटी दिसायला सोनाराच्या दुकानासारखी झाली. अळी टाकली की वस्ताद धावायचा आणि मागचे पाय दोन्हीकडं फाकून पोटावर घसरत जायचा, पंचगंगेच्या घाटावर शेवाळावरून माणूस जातो तसा. आम्ही हसलो, व्हिडिओ काढले, नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकले. दोन-तीन महिन्यांनी लक्षात आलं की त्यानं धावणंच सोडलंय. अळी नाकासमोर आली तर खायची, नाहीतर नुसती बघत बसायची. नखंही वाढून वाकडी झाली होती, कारण झिजायला खाली खरखरीत असं काहीच नव्हतं. ते व्हिडिओ मी नंतर पुसून टाकले.

आता वाळूबद्दल. वाळवंट म्हटलं की आपल्याला राजस्थानातल्या वाळूच्या टेकड्या दिसतात. हा प्राणी ऑस्ट्रेलियाच्या आतल्या कोरड्या भागातला. तिथली जमीन बहुतेक ठिकाणी तांबडी, घट्ट, खडकाळ. तो तिथं पडलेल्या ओंडक्यावर, कुंपणाच्या खांबावर चढून ऊन खात बसतो. भुसभुशीत वाळूत लोळणारा प्राणी नव्हेच तो. मोकळी वाळू खाण्याबरोबर पोटात जाते आणि आतडं तुंबू शकतं. इथं एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. उष्णता, पाणी आणि कॅल्शियम व्यवस्थित मिळणाऱ्या मोठ्या प्राण्याच्या पोटातून चिमूटभर वाळू बहुधा निघून जाते. तुंबतं ते मुख्यतः यातलं काहीतरी कमी असताना. पण नवशिक्याच्या पेटीत नेमकं हेच कमी असतं, म्हणून पहिल्या दोन वर्षांत वाळूच्या नादाला लागू नका. रंगीत ‘कॅल्शियम सँड’ आणि अक्रोडाच्या टरफलांचा भुगा तर कधीच नको.

मग फरशी कोणती? टाइल्सच्या दुकानात जाऊन ‘बाथरूमच्या जमिनीची मॅट अँटी-स्किड, एक बाय एक’ एवढंच मागा. मी मागितली तेव्हा तिथं बसलेले मिस्त्री म्हणाले, “माणसं चकचकीत मागत्यात, तुमी खरबरीत मागताय. कशाला?” कशाला ते सांगितलं. “म्हंजे घोरपड पाळलीय व्हय?” नाही हो मिस्त्री, घोरपड पाळली तर वनखातं मला पाळेल. (हे गमतीत सोडू नका. घोरपड वन्यजीव कायद्यात पहिल्या अनुसूचीत आहे. आपला ड्रॅगन परदेशी आहे, तरी खरेदीची पावती जपून ठेवा. बघणाऱ्याला फरक कळत नाही.)

खरखरीतपणा किती हवा, तर हाताची आतली बाजू फरशीवरून जरा दाबून फिरवा. ओरखडा उठला तर त्याच्या पोटालाही उठेल. हात सुळकन सरकला तर त्याचे पायही सरकतील. या दोन्हीच्या मधली घ्या. पार्किंगच्या जाड टाइल्स मजबूत असतात, पण त्यांच्या खोल नक्षीत शी अडकते आणि मग जुना टूथब्रश घेऊन बसावं लागतं. मी बसलोय.

आपल्याकडं एक देशी पर्याय आहे, शहाबादी फरशी. बिनपॉलिशची घ्या. परसात, न्हाणीत अजूनही असते, जुनं घर पाडलं की तुकडे फुकट मिळतात. पकड उत्तम, आणि पेटीतला ऊब देणारा दिवा बंद झाल्यावरही ती बराच वेळ उबदार राहते. वस्ताद रात्री त्यावरच पसरतो. मात्र ही चुनखडीच्या जातीची आहे. परदेशी व्हिडिओंत पेटी व्हिनेगरनं पुसायला सांगतात, ते हिच्यावर करू नका. आम्ल पडलं की ती फसफसते आणि वरचा थर खाल्ला जातो. शिवाय ती ओल शोषते. म्हणून माझी वाटणी अशी: शेकायच्या जागी, म्हणजे दिव्याखाली, शहाबादीचा एक तुकडा, बाकी सगळीकडं मॅट सिरॅमिक.

कडाप्पा जपून. ओट्याचा उरलेला काळा पॉलिश तुकडा मी एकदा १०० वॅटच्या दिव्याखाली ठेवला. काचेवर चिकटवलेला गोल थर्मामीटर ३६ दाखवत होता, म्हणून मी निवांत. वस्ताद मात्र त्यावर गेला की एकेक पाय उचलायचा, तापलेल्या पत्र्यावर अनवाणी उभं राहिल्यासारखा. मित्राकडून तापमान मोजायची गन आणली आणि दगडावर धरली, तर ५६ अंश. शेकायच्या जागेचा पृष्ठभाग ३८ ते ४२ अंश असावा. त्यामुळं फरशीबरोबरच ती गनही विकत घ्या. हवेचं तापमान आणि फरशीचं तापमान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि प्राणी पोट टेकतो ते फरशीवर. दुसरं टोक थंड हवं, २५ ते २८ च्या आसपास. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडं खोलीच तापलेली असते, तेव्हा कमी वॅटचा दिवा लावा. सावलीतल्या फरशीचा गारवा तेव्हाच उपयोगी पडतो. आणि यूव्हीबी (उन्हातले अतिनील किरण) देणारी ट्यूब वेगळी लागतेच, खिडकीच्या काचेतून आलेल्या उन्हात यूव्हीबी जवळपास नसतं.

आता माप. माझं यातच सगळ्यात जास्त डोकं गेलं, म्हणून जरा सविस्तर सांगतो. टाइल्सवाल्याचा ‘फूट’ म्हणजे ३०० मिलिमीटर. सुताराचा फूट ३०५. चार फुटी पेटीसाठी सुतार आठ बाय चारच्या प्लायमधून सुमारे १२२० मिलिमीटरची फळी काढतो आणि बाजूच्या फळ्या सहसा तिच्यावर उभ्या करतो. १८ मिलिमीटरच्या दोन फळ्या वजा गेल्या की आत उरतात ११८४. तुमच्या फुटी टाइल्स चार लावल्या की १२००. सोळा मिलिमीटरसाठी चारही फरश्या कापायच्या, नाहीतर एक पट्टी कापायची, ती तुटली की दुसरी. माझ्या तीन तुटल्या. म्हणून सुताराला आधीच सांगा: बाजूच्या आणि मागच्या फळ्या तळाच्या बाहेरून मारा, तळावर नको. समोरच्या सरकत्या काचेची पट्टीसुद्धा तळाच्या पुढून. मग आत १२२० बाय ६१० मिळतात, एक बाय एकच्या आठ अख्ख्या टाइल्स बसतात आणि कटरला हात लावावा लागत नाही. कडेला दोनेक सेंटिमीटरची फट राहते, तिथं लाकडी पट्टी दाबून बसवा. नाहीतर रातकिडे तिथं लपतात आणि रात्री झोपलेल्या ड्रॅगनला चावतात.

पेटी आधीच झालेली असेल तर मिस्त्रीकडून कापून घ्या, आतल्या मापाचा पुठ्ठ्याचा साचा बरोबर न्या. कापलेली कड ब्लेडसारखी असते, ती घासायच्या दगडानं मारून घ्या.

सिमेंट, केमिकल, व्हाइट सिमेंट काही लावायचं नाही. फरश्या नुसत्या ठेवायच्या, एकमेकींना घट्ट भिडवून. खाली जुन्या वर्तमानपत्राचे चार थर, म्हणजे हलत नाहीत आणि आवाजही होत नाही. मी एकदा कागदाऐवजी वाढदिवसाच्या शुभेच्छांचा फ्लेक्स अंथरला होता, गावात त्यांचा तुटवडा नाही. दिव्याखाली तापून दोन दिवसांत त्याचा वास सुटला. कागदच बरा. नुसत्या ठेवल्या की एकेक फरशी उचलून बाथरूममध्ये धुता येते, फरशीचा खरा फायदा हाच. आपल्या पावसाळ्यात तर दर आठवड्याला उचलाच. जुलैत इथं कपडे चार दिवस वाळत नाहीत, तिथं प्लाय आणि फरशीच्या मधली ओल कुठं जाणार? माझ्या पहिल्या पेटीचा तळ त्यानंच फुगला. दोन-चार टाइल्स जास्तीच्या घेऊन ठेवा, एक धुवायला गेली की दुसरी लागते.

धुवायला गरम पाणी आणि ब्रश. कधीमधी एक भाग ब्लीचला दहा भाग पाणी, मग भरपूर पाण्यानं खळखळून धुऊन पूर्ण वाळवायचं. व्हिनेगर आणि ब्लीच एकत्र कधीच नाही, विषारी वायू होतो. आणि फिनेल अजिबात नको. घरात लादी पुसायला आणलेलं असतं म्हणून सहज बाटली हातात येते, पण त्या जातीची रसायनं सरपटणाऱ्या प्राण्यांना घातक असतात. या फरश्या स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये धुऊ नका, हात साबणानं धुवा. धडधाकट दिसणारा ड्रॅगनही साल्मोनेला, म्हणजे माणसाचं पोट बिघडवणारे जंतू, बाळगून असू शकतो.

फरशीत एकच कमी आहे, तिच्यात खणता येत नाही. म्हणून एका कोपऱ्यात प्लास्टिकचा टब ठेवा, त्यात धुतलेली वाळू आणि खत-औषध नसलेली माती. माझा एक पैलवान मित्र तालमीच्या हौद्यातली लाल माती आणून देतो म्हणाला. प्रेमानं नको म्हटलं, तिच्यात तेल, ताक, हळद, लिंबू सगळं कालवलेलं असतं. तुमची मादी असेल तर हा टब चैनीचा नाही, गरजेचा आहे. नर नसतानाही ती अंडी धरू शकते, आणि खणायला ओलसर खोल माती मिळाली नाही तर अंडी आत अडकतात. आठ-दहा इंच माती द्या. ती अचानक खायचं सोडून कोपरे खरवडायला लागली तर आठवडाभर वाट बघू नका, प्राण्यांच्या डॉक्टरांना दाखवा.

नवी फरशी घातल्यावर तुमचा ड्रॅगन एक-दोन दिवस रुसेल. गळ्याखालची दाढी काळी करेल, कडेला चिकटून बसेल. वस्तादनं मॅट फरशीवर पहिला दिवस अख्खा एका कोपऱ्यात काढला. दुसऱ्या दिवशी दुपारी मी समोरच्या टोकाला एक अळी सोडली. तो आधी सवयीनं नुसता बघत राहिला, मग एक पाय टाकला, थांबला, आणि सरळ धावला.